संशोधनसामग्रीची देवघेव आणि अनुदानाचे धोरण : कुलाबा वेधशाळेपासून जीनोम-प्रकल्पापर्यंत

१

विज्ञानाच्या इतिहासात सिद्धान्तांना व शोधनिबंधांना जे स्थान मिळाले आहे, ते त्यांच्या मागे असलेल्या मूळ नोंदींना क्वचितच मिळाले आहे. निबंध प्रसिद्ध होतो, ग्रंथालयात जातो, पुढील संशोधक त्याचा उल्लेख करतात. परंतु ज्या वाचनांवरून, मोजमापांवरून अथवा प्रयोगांवरून त्यातील निष्कर्ष काढलेले असतात, त्यांच्या वह्यांचे, आलेखपत्रांचे आणि अलीकडच्या काळात संगणकावरील नोंदींचे पुढे काय झाले, ह्याची विचारपूस सहसा होत नाही. ह्या मूळ नोंदींना प्रस्तुत निबंधात ‘संशोधनसामग्री’ अशी संज्ञा योजली आहे.

ही सामग्री संशोधकाने आपल्यापुरती न ठेवता इतरांस खुली करावी, असा आग्रह आज जगातील बहुतेक मोठ्या अनुदानसंस्था धरतात. हा आग्रह अगदी नवा असून संगणकामुळेच तो निर्माण झाला, असा एक समज रूढ आहे. दुसरा समज असा की, सामग्रीची देवघेव हा मुख्यतः संशोधकाच्या औदार्याचा प्रश्न आहे. वृत्ती बदलली की व्यवहार आपोआप बदलेल. इतिहासाच्या कसोटीवर हे दोन्ही समज टिकत नाहीत. भूचुंबकत्व, भूभौतिकी, स्फटिकशास्त्र आणि आनुवंशिकी ह्या चार शाखांतील घटना क्रमाने तपासल्या असता असे दिसते की, सामग्रीची मुक्तता जेथे जेथे रुजली, तेथे तेथे तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. पैसा देणाऱ्याने सामग्री खुली करण्याची अट घातली. ती नीट ठेवण्याचा व इतरांस पुरविण्याचा खर्च त्यानेच उचलला. आणि ज्याने कष्ट करून ती मिळविली, त्याच्या श्रेयाचे रक्षण करण्याची काही व्यवस्था केली. ह्यांपैकी एकीचाही अभाव असला की उरलेल्या दोन लंगड्या पडतात. हे विधान कितपत खरे आहे, ते पुढे पाहावयाचे आहे.

२

निरीक्षणांची संघटित देवघेव प्रथम मोठ्या प्रमाणावर घडली ती पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या अभ्यासात. चुंबकसूचीची दिशा स्थळाप्रमाणे बदलते, तशीच ती काळाप्रमाणेही बदलते. म्हणून एकाच ठिकाणी कितीही काटेकोर वेध घेतले तरी त्यांतून संपूर्ण चित्र उभे राहत नाही. हे ओळखून कार्ल फ्रीडरिश गाउस व विल्हेल्म वेबर ह्यांनी जर्मनीतील गटिंगेन येथे चुंबकीय संघ स्थापिला आणि १८३६ ते १८४१ ह्या वर्षांतील निरीक्षणांचे खंड छापून प्रसिद्ध केले. दूरदूरच्या ठिकाणचे निरीक्षक गटिंगेनच्या घड्याळास अनुसरून, पूर्वनियोजित दिवशी, एकाच क्षणी वाचने घेत असत.

१८३६ मध्ये अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट ह्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष ड्यूक ऑफ ससेक्स ह्यांस पत्र लिहून ब्रिटिश साम्राज्यातील दूरच्या प्रदेशांत अशीच ठाणी उभारण्याची विनंती केली. एडवर्ड सॅबाइन, जॉन हर्शेल आदी मंडळींनी हा विषय सरकारपुढे लावून धरला. १८३९ मध्ये ब्रिटिश सरकारने खर्चास मंजुरी दिली आणि टोरांटो, सेंट हेलेना, केप ऑफ गुड होप व होबार्ट येथे वेधशाळा उभ्या राहिल्या. ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थान व पूर्वेकडील प्रदेश ह्यांसाठी हीच जबाबदारी पत्करली. मद्रास, सिमला, सिंगापूर आणि मुंबई ही तिची ठाणी होत.

मुंबईच्या कुलाब्यास १८२६ पासूनच वेधशाळेची इमारत होती. तेथे १८४१ मध्ये चुंबकीय वाचनांस प्रारंभ झाला, तो एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार ह्यांच्या देखरेखीखाली. मराठी वाचकांस परिचित असलेली दोन नावे ह्या वेधशाळेशी निगडित आहेत. बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी काही काळ तिचे काम पाहिले, आणि पुढे गणितज्ञ म्हणून कीर्ती पावलेले केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनी आपल्या तरुणपणी तेथे निरीक्षकाचे काम केले.

येथे विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कंपनीने केवळ उपकरणे घेण्यापुरता पैसा दिला नाही. दिवसरात्र ठरलेल्या वेळी वाचने घेणाऱ्या निरीक्षकांचे वेतन, नोंदींचे संकलन आणि त्यांचे छापील खंड हा सर्व खर्च सार्वजनिक कोशातून झाला. त्या काळात सामग्री खुली करणे म्हणजे तिचे खंड छापून ते अन्य वेधशाळांस व विद्वत्सभांस पाठविणे. अशा प्रकारे एकत्रित झालेल्या नोंदींचे फळ लवकरच मिळाले. टोरांटो व होबार्ट ह्या पृथ्वीच्या दोन टोकांवरील ठाण्यांच्या नोंदी ताडून सॅबाइन ह्यांनी १८५२ मध्ये दाखविले की, चुंबकीय क्षोभांची वाढघट सूर्यावरील डागांच्या आवर्तनाशी जुळते. एकाच ठाण्याच्या नोंदींवर विसंबून हा निष्कर्ष इतक्या खात्रीने काढता आला नसता.

सिंगापूर व सिमला येथील काम थोड्याच वर्षांत बंद पडले; कुलाब्याचे चालू राहिले. म्हणून १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन ह्यांनी इंग्लंडात सूर्यबिंबावर प्रखर प्रकाशाचा उद्रेक पाहिला आणि त्यानंतर काही तासांतच पृथ्वीवर अभूतपूर्व चुंबकीय वादळ झाले, तेव्हा कुलाब्याचे निरीक्षक आपल्या उपकरणांपाशी होते. ह्या वाचनांचे महत्त्व त्या पिढीस पूर्णपणे कळणे शक्य नव्हते. जवळजवळ दीड शतकानंतर, २००३ मध्ये, अमेरिकन, ब्राझिलियन व भारतीय संशोधकांनी मिळून त्या वादळाची तीव्रता ठरविली, ती कुलाब्याच्या जपून राहिलेल्या नोंदींच्या आधारे. त्या नोंदींत चुंबकीय क्षेत्राच्या क्षैतिज घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्ला इतकी घट आढळते. १९८९ च्या मार्च महिन्यात ज्या वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा सुमारे नऊ तास बंद पाडला, त्या वादळाची तीव्रता प्रचलित मापनांकानुसार ५८९ नॅनोटेस्ला होती. दोन्ही आकडे एकाच पद्धतीने काढलेले नसल्याने त्यांची तुलना तंतोतंत नव्हे. तरीही वीजवाहिन्यांची सुरक्षितता ठरविणाऱ्या आजच्या अभियंत्यांस सर्वांत मोठ्या वादळाचे माप ज्या थोड्या आधारांवरून मिळते, त्यांत कुलाब्याची ती वाचने अग्रगण्य आहेत.

कुलाब्याची परंपरा टिकविण्यासाठी पुढेही जाणीवपूर्वक खर्च करावा लागला. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार, असे ठरले तेव्हा त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय वाचने दूषित होतील हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस ह्यांनी अलिबाग येथे नवे ठाणे उभारून घेतले. १९०४ ते १९०६ ह्या काळात दोन्ही ठिकाणी समांतर वाचने घेण्यात आली. त्यामुळे जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडता आली. १८४६ ते १९०५ पर्यंतच्या निरीक्षणांचे मूस ह्यांनी केलेले द्विखंडात्मक संकलन १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. नवा शोध लावण्यापेक्षा अशा संकलनास कमी मान मिळतो. परंतु नंतरच्या संशोधकांस कुलाबा उपलब्ध झाले ते ह्याच श्रमांमुळे.

३

कुलाब्याच्या काळातील देवघेव एकाच साम्राज्याच्या छत्राखाली आणि काही मित्रराष्ट्रांच्या सहकार्याने झाली होती. परस्परांवर विश्वास नसलेल्या राष्ट्रांत ती घडवून आणण्याची कसोटी आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाने लावली. १ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ ह्या अठरा महिन्यांत ६७ राष्ट्रांनी पृथ्वी, समुद्र, वातावरण व सूर्य ह्यांची समकालिक निरीक्षणे केली. योजनेची सूत्रे सिडनी चॅपमन ह्यांच्या अध्यक्षतेखालील विशेष समितीकडे होती. ह्या काळातच भूगणित-भूभौतिकीच्या आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्षपद १९५४ ते १९५७ ह्या वर्षांत भारताच्या के. आर. रामनाथन ह्यांच्याकडे होते.

समितीने आरंभीच ठरविले की, सर्व निरीक्षणे जागतिक सामग्रीकेंद्रांत जमा व्हावीत आणि कोणत्याही देशाच्या संशोधकास ती केवळ नकलेच्या खर्चात मिळावीत. ‘अ’ केंद्र अमेरिकेत, ‘ब’ केंद्र सोव्हिएत संघात आणि ‘क’ केंद्र पश्चिम युरोप व जपान येथे विभागून, अशी रचना झाली. एका केंद्राचा नाश झाला तरी सामग्री वाचावी, हा तिच्यामागील एक हेतू होता. आणि शीतयुद्धाच्या त्या काळात तो केवळ आगीपुराच्या भीतीपुरता मर्यादित नव्हता. प्रत्येक केंद्र चालविण्याचा खर्च यजमान राष्ट्राने सोसावयाचा होता. हा करार भाबडेपणाचा नव्हता. दोन्ही गटांस परस्परांची निरीक्षणे हवी होती आणि दिल्याखेरीज मिळण्याची शक्यता नव्हती.

ह्या व्यवस्थेच्या मर्यादाही लपून राहिल्या नाहीत. तैवानच्या प्रश्नावरून चीन योजनेतून बाहेर पडला. कृत्रिम उपग्रह व अग्निबाण ह्यांच्या सामग्रीची देवघेव, लष्करी हितसंबंध गुंतलेले असल्याने, अन्य विषयांच्या मानाने तोकडी राहिली. असे असूनही केंद्रांची पद्धत त्या वर्षाबरोबर संपली नाही. तिचाच विस्तार होऊन भूचुंबकत्वाचे एक जागतिक सामग्रीकेंद्र मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत आले. कुलाबा व अलिबागच्या नोंदींचा वारसा ह्याच संस्थेकडे आहे.

अनुदानाची धार नोंदींवर कशी उमटते, ह्याचे एक बोलके उदाहरण ह्याच वर्षातून निघालेल्या कामात सापडते. हवाईमधील मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग ह्यांनी १९५८ च्या मार्चमध्ये हवेतील कार्बन डायऑक्साइडचे अखंड मापन सुरू केले, ते भूभौतिकी वर्षाच्या निधीतून. त्या वेळी हे प्रमाण दशलक्षात सुमारे ३१५ भाग होते. २०२३ मध्ये वार्षिक सरासरी ४२० च्या पुढे गेली. हवामानबदलाच्या सर्व चर्चेचा पाया असलेल्या ह्या वक्ररेषेत १९६४ च्या पूर्वार्धात काही महिन्यांची जागा रिकामी आहे. त्या वेळी हवा होती, उपकरण होते, कुशल माणसेही होती. अनुदानात कपात झाली होती. न घेतलेले वाचन पुढे कितीही पैसा खर्च करून परत मिळविता येत नाही.

४

वेधशाळेच्या निरीक्षणांत व्यक्तीपेक्षा संस्थेचे श्रेय मोठे असते. म्हणून तेथे देवघेव तुलनेने सोपी होती. प्रयोगशाळेतील सामग्री वर्षानुवर्षांच्या वैयक्तिक श्रमांतून निघते, आणि तेथे श्रेयाचा प्रश्न तीव्र होतो. प्रथिनांच्या संरचनेचा अभ्यास करणाऱ्या स्फटिकशास्त्रज्ञांचा इतिहास ह्या दृष्टीने उद्बोधक आहे.

एका प्रथिनाची त्रिमितीय रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडण्यास त्या काळी कित्येक वर्षे लागत. निबंधात रचनेचे चित्र व वर्णन येई. परंतु प्रत्येक अणूचे स्थान सांगणारे निर्देशांक हजारोंच्या संख्येने असल्याने ते छापणे अशक्य असे. १९७१ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत वॉल्टर हॅमिल्टन ह्यांच्या पुढाकाराने आणि केंब्रिजच्या स्फटिकशास्त्रीय सामग्रीकेंद्राच्या सहकार्याने ‘प्रोटीन डेटा बँक’ स्थापन झाली. आरंभी तिच्यात अवघ्या सात रचना होत्या. सामग्री जमा करणे ऐच्छिक होते, आणि अनेक संशोधक ती जमा करीत नसत. त्यांची अडचण समजण्याजोगी होती. रचना एकदा हातची गेली की तिच्यातून निघणारे पुढील निष्कर्ष दुसरा कोणी, ज्याने स्फटिक वाढविण्याचे कष्ट घेतलेच नाहीत, आधी प्रसिद्ध करील अशी धास्ती त्यांस होती.

केवळ आवाहनांनी ही कोंडी फुटली नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात शास्त्रज्ञांच्याच एका गटाने सामग्री जमा करणे बंधनकारक व्हावे म्हणून चळवळ केली आणि १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाने नियम घालून दिला. त्यात एक तडजोड होती. अणूंचे निर्देशांक निबंधप्रसिद्धीनंतर एक वर्षापर्यंत आणि त्यांमागील मूळ मोजमापे चार वर्षांपर्यंत राखून ठेवण्याची मुभा संशोधकास होती. त्यानंतरच्या दशकात नियतकालिके व अनुदानसंस्था ह्यांनी हा नियम आपापल्या अटींत घेतला. हळूहळू राखीव मुदत कमी होत जाऊन नाहीशी झाली, आणि २००८ पासून मूळ मोजमापेही जमा करणे आवश्यक ठरले. श्रेयाची मुदत आधी मान्य केल्यामुळेच ती पुढे सोडून देता आली, असे ह्या क्रमावरून म्हणता येते. महाराष्ट्रातील खोडद येथील महाकाय मीटर-तरंगलांबी रेडिओ दुर्बिणीच्या अभिलेखागारातही हीच रीत आहे. निरीक्षण करणाऱ्या गटास ठरावीक मुदतीपर्यंत अनन्य हक्क असतो, त्यानंतर सामग्री सर्वांस खुली होते.

प्रथिनकोशाचा खर्च पाच दशके मुख्यतः सार्वजनिक अनुदानांतून चालला. त्याचे फळ संस्थापकांच्या कल्पनेपलीकडचे निघाले. संगणकास ‘शिकवून’ प्रथिनाच्या घटकक्रमावरून त्याची रचना वर्तविण्याची जी पद्धती २०२० मध्ये यशस्वी ठरली, तिचे शिक्षण ह्या कोशातील सुमारे १,७०,००० रचनांवर झाले होते. ह्या कामाबद्दल डेमिस हसाबिस व जॉन जंपर ह्यांस, डेव्हिड बेकर ह्यांच्यासमवेत, २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यांनी त्या रचना एकेक करून उलगडल्या, त्यांपैकी बहुतेकांस आपली सामग्री असल्या उपयोगास येईल हे ठाऊक असणे शक्य नव्हते. कुलाब्याच्या निरीक्षकांची स्थिती ह्याहून निराळी नव्हती.

५

आनुवंशिकीच्या क्षेत्रात हे तिन्ही प्रश्न, म्हणजे अट, खर्च व श्रेय, एकाच वेळी आणि फार मोठ्या रकमांसह उभे राहिले. ह्या क्षेत्रातील आद्य संकलनकर्त्या मार्गारेट डेहॉफ ह्यांनी १९६५ पासून प्रथिनक्रमांचे कोश प्रसिद्ध केले. प्रसिद्ध निबंधांतून व संशोधकांकडून क्रम गोळा करणे, ते तपासणे आणि मांडणे हे त्यांचे काम मोलाचे होते. परंतु त्यास स्थिर अनुदान मिळत नसल्याने त्यांस कोशाच्या विक्रीवर अवलंबून राहावे लागे आणि पुनर्वितरणावर निर्बंध घालावे लागत. आपली सामग्री देऊन वर कोश विकत घ्यावा लागतो, ही गोष्ट अनेक संशोधकांस खटकत असे. १९८२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक कोशासाठी कंत्राट देण्याचे ठरविले तेव्हा ते डेहॉफ ह्यांच्याऐवजी लॉस अलामोस येथील वॉल्टर गोड ह्यांचा सहभाग असलेल्या योजनेस मिळाले. क्रमांवर हक्क न सांगता ते मुक्तपणे वाटण्याची तिची तयारी हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण होते. ‘जेनबँक’ ह्या नावाने प्रसिद्ध असलेला कोश तो हाच. डेहॉफ ह्यांच्यावर झालेला अन्याय, असे कोणी ह्यास म्हणू शकेल; निदान एवढे खरे की, सामग्री ठेवण्याचा खर्च देणारा कोणी नसला की उत्तम संकलकासही दारे बंद करावी लागतात.

मानवी जीनोम-प्रकल्प सुरू झाल्यावर प्रश्नाचे स्वरूप पालटले. क्रम जमविण्याचे काम अनेक देशांतील प्रयोगशाळांत वाटलेले होते, आणि प्रत्येकीने आपला भाग पूर्ण होईपर्यंत राखून ठेवला असता तर कामाची पुनरावृत्ती व स्वामित्वहक्कांचे तंटे अटळ होते. १९९६ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमधील वेलकम ट्रस्टच्या पुढाकाराने बर्म्यूडा बेटावर बैठक भरली. जॉन सल्स्टन व रॉबर्ट वॉटरस्टन ह्यांनी सूत्रकृमीच्या जीनोमवर काम करताना दैनंदिन देवघेवीची जी रीत पाडली होती, तीच तेथे सर्वांसाठी ठरली. एक हजार घटकांहून लांब असलेला प्रत्येक जुळविलेला क्रम आपोआप, शक्यतो चोवीस तासांच्या आत, सार्वजनिक कोशात जावा, असा तो निर्णय होय. बैठकीस प्रमुख अनुदानसंस्थांचे प्रतिनिधी उपस्थित असल्यामुळे हा निर्णय इच्छेच्या पातळीवर न राहता अनुदानाच्या अटीत उतरला.

ह्या अटीची परीक्षा लवकरच झाली. १९९८ मध्ये क्रेग व्हेंटर ह्यांच्या नेतृत्वाखाली सेलेरा ही खासगी कंपनी ह्याच उद्दिष्टाने मैदानात उतरली. सार्वजनिक प्रकल्पाची सामग्री रोजच्या रोज खुली होत असल्याने कंपनीस ती वापरता येत होती. कंपनीची सामग्री मात्र प्रकल्पास तशी मिळत नव्हती. एकतर्फी औदार्य हा शहाणपणा आहे काय, असा प्रश्न त्या वेळी विचारला गेला. वेलकम ट्रस्टने त्यास उत्तर दिले ते आपल्या अनुदानात मोठी वाढ जाहीर करून. २००१ च्या फेब्रुवारीत दोन्ही पक्षांचे निबंध प्रसिद्ध झाले. सार्वजनिक प्रकल्पाचा क्रम सर्वांस विनाअट उपलब्ध होता. सेलेराच्या क्रमावर निर्बंध होते. २००५ मध्ये कंपनीने आपलीही सामग्री सार्वजनिक कोशात जमा केली. सार्वजनिक प्रकल्प २००३ च्या एप्रिलमध्ये पूर्ण झाल्याचे घोषित झाले होते.

श्रेयाचा प्रश्न मात्र बर्म्यूडाने सोडविला नव्हता. रोज सामग्री खुली करणारी प्रयोगशाळा आपल्याच सामग्रीचे विश्लेषण करीत असता दुसऱ्याने ते आधी छापावे, ही तक्रार वाढत गेली. २००३ च्या जानेवारीत फ्लॉरिडातील फोर्ट लॉडरडेल येथे तिचा विचार झाला आणि जबाबदारीची त्रिविध वाटणी मांडण्यात आली. अनुदान देणाऱ्याने प्रकल्प सामायिक संपत्ती म्हणून चालवावा व कोशांस आधार द्यावा. सामग्री निर्माण करणाऱ्याने आपला हेतू व योजना आधी प्रसिद्ध करून सामग्री त्वरित खुली करावी. वापरणाऱ्याने निर्मात्याच्या पहिल्या विश्लेषणाच्या हक्काचा मान राखावा. प्रस्तुत निबंधाच्या आरंभी ज्या तीन गोष्टी सांगितल्या, त्या ह्या वाटणीत प्रथमच स्पष्ट शब्दांत एकत्र आलेल्या दिसतात.

६

त्यानंतरच्या दोन दशकांत एका शाखेतील रीत सर्व शाखांस लागू करण्याचा प्रयत्न झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २००३ मध्ये वर्षास पाच लाख डॉलर वा त्याहून अधिक रकमेच्या अनुदानांसाठी सामग्रीच्या देवघेवीची योजना मागितली. २५ जानेवारी २०२३ पासून रकमेची ही मर्यादा काढून टाकून तिचे क्षेत्र पुष्कळ विस्तृत केले. तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने २०११ च्या जानेवारीपासून प्रत्येक प्रस्तावासोबत सामग्री-व्यवस्थापनाची योजना आवश्यक केली. युनेस्कोने २०२१ च्या नोव्हेंबरात मुक्त विज्ञानाविषयीची शिफारस स्वीकारली. भारतात शासकीय सामग्रीसाठीचे राष्ट्रीय धोरण २०१२ मध्ये आले. जैवतंत्रज्ञान विभाग व विज्ञान-तंत्रज्ञान विभाग ह्यांचे मुक्त उपलब्धतेचे संयुक्त धोरण २०१४ च्या डिसेंबरात जाहीर झाले. आणि २०२२ मध्ये फरिदाबाद येथे भारतीय जैविक सामग्रीकेंद्राचे उद्घाटन झाले.

परंतु धोरण जाहीर होणे आणि सामग्री हाती येणे ह्यांत मोठे अंतर आहे. जीवशास्त्रातील ५१६ निबंधांच्या मूळ सामग्रीचा शोध घेणाऱ्या, २०१४ च्या प्रारंभी छापलेल्या एका अभ्यासात असे आढळले की, सामग्री अस्तित्वात असण्याची शक्यता दर वर्षी १७ टक्क्यांच्या प्रमाणात घटत जाते. नकार देणाऱ्यांपेक्षा सामग्रीच हरविलेली असणे, ती जुन्या साधनांत अडकलेली असणे वा लेखकाचा पत्ता न लागणे, हीच अडचण मोठी होती. म्हणजे येथे दोष वृत्तीचा कमी आणि व्यवस्थेचा अधिक होता. प्रयोगाची मुदत तीन वर्षांची, अनुदानही तीन वर्षांचे. परंतु सामग्रीचे आयुष्य तीस वर्षांचे असावे अशी अपेक्षा. ह्या मधल्या सत्तावीस वर्षांचा खर्च कोणाच्या खाती मांडावयाचा, ह्याचे उत्तर बहुतेक धोरणांत सापडत नाही. २०२३ च्या अमेरिकन धोरणाने सामग्री सिद्ध करण्याचा व जतनाचा खर्च अनुदानाच्या अंदाजपत्रकात दाखविण्यास मुभा दिली, हे त्या दृष्टीने योग्य पाऊल होय.

सक्तीखेरीज उत्तेजनाचाही एक मार्ग काही संस्थांनी अवलंबिला. वेलकम ट्रस्ट, राष्ट्रीय आरोग्य संस्था व हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्था ह्यांनी मिळून, खुल्या सामग्रीचा उपयोग करणाऱ्या नव्या साधनांसाठी पारितोषिक ठेवले. सहा गटांस प्रत्येकी ८०,००० डॉलर देऊन त्यांतून एका गटास २०१७ मध्ये २,३०,००० डॉलरचे मुख्य पारितोषिक मिळाले. हे साधन म्हणजे रोगजंतूंच्या जीनोमवरून साथीचा प्रसार दाखविणारे ‘नेक्स्टस्ट्रेन’. तीन वर्षांनी कोविडची साथ आली तेव्हा तिच्या विषाणूचा प्रवास जगभर ह्याच साधनाने रेखाटला गेला. रक्कम लहान होती, परंतु ती सामग्री देणाऱ्याबरोबरच ती वापरण्याजोगी करणाऱ्यासही मिळाली, हे तिचे वैशिष्ट्य.

७

मुक्ततेच्या ह्या वृत्तान्तास एक दुसरी बाजू आहे, आणि तिची उपेक्षा करता येत नाही. २००७ मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूच्या विषाणूंचे नमुने आंतरराष्ट्रीय यंत्रणेस देण्याचे थांबविले. आपण दिलेल्या नमुन्यांवरून श्रीमंत देशांतील कंपन्या लस बनवितात आणि ती आपल्याच जनतेस परवडत नाही, अशी त्या देशाची तक्रार होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये जो करार स्वीकारला, त्यात नमुन्यांच्या देवघेवीबरोबरच लाभाच्या वाटणीची तरतूद करावी लागली. श्रेयाचा जो प्रश्न स्फटिकशास्त्रज्ञापुढे व्यक्तिगत पातळीवर होता, तोच येथे राष्ट्राच्या पातळीवर उभा राहिला. ज्यांच्यापाशी संगणक, निधी व मनुष्यबळ आहे त्यांनाच खुल्या सामग्रीचा अधिक लाभ होतो. म्हणून केवळ दार उघडल्याने समता येत नाही. रुग्णांच्या माहितीसारख्या सामग्रीच्या बाबतीत तर सरसकट मुक्तताही इष्ट नव्हे. दहा हजार भारतीयांच्या जीनोमची सामग्री २०२५ च्या जानेवारीत संशोधकांस उपलब्ध झाली, ती अर्ज व परवानगीच्या मार्गाने, ह्याचे कारण हेच.

तथापि ह्या आक्षेपांनी मूळ विधान खंडित होत नाही, उलट त्यास दुजोराच मिळतो. इंडोनेशियाच्या बाबतीत अट होती, परंतु देणाऱ्याच्या हिताचे रक्षण नव्हते. ऐच्छिक काळातील प्रथिनकोशात भांडार होते, अट नव्हती. डेहॉफ ह्यांच्या संकलनास विद्वत्ता होती, खर्च देणारा नव्हता. ह्या प्रत्येक ठिकाणी देवघेव अडली, आणि उणीव भरून निघाली तेव्हाच ती पुढे गेली.

विद्यापीठीय संशोधनास ह्यातून एक साधा विचार करावयास लागतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रबंध ग्रंथालयात जपला जातो. त्यामागील प्रश्नावल्या, मोजमापांच्या वह्या, ध्वनिमुद्रणे व संगणकीय नोंदी मात्र विद्यार्थ्याबरोबर निघून जाण्याचा संभव असतो. त्या ठेवण्यास जागा लागते, त्यांचे वर्णन लिहिण्यास वेळ लागतो, आणि ह्या दोहोंस पैसा लागतो. अनुदानाच्या अर्जात उपकरणे व प्रवास ह्यांच्याप्रमाणेच जतन ह्या सदराखाली रक्कम मागण्याची आणि देण्याची रीत पडल्याखेरीज धोरणे कागदावर राहतील. १८५९ च्या सप्टेंबरातील त्या दिवशी कुलाब्यास जो निरीक्षक दुर्बिणीतून मोजपट्टी वाचीत होता, त्यास दरमहा वेतन मिळत होते. त्याने लिहिलेले आकडे सांभाळण्यासाठी आणि छापण्यासाठीही कोणी खर्च मंजूर केला होता. म्हणून ते २००३ मध्ये वाचता आले.